वर्ग, शिकवणी आणि तालीम : महाराष्ट्रातील इंग्रजी व फ्रेंच अभिजात नाटकांच्या अध्यापनाचा एक विचार

१

पेण तालुक्यातील वरसई आणि गागोदे ही दोन गावे लहान खरी. पण महाराष्ट्राच्या विद्याविषयक इतिहासात त्यांचा उल्लेख टाळता येणार नाही. ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे वरसईचे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांचा जन्मही १८६३ मध्ये तेथलाच. गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे, म्हणजे पुढील काळचे आचार्य विनोबा, जन्मास आले. पहिल्याने डेक्कन कॉलेजात इंग्रजी विद्येचे अध्ययन केले आणि पुढे आयुष्यभर मराठीतच लिहिण्याचे व्रत पाळले. दुसऱ्याने बडोद्याच्या शाळेत फ्रेंच ही दुसरी भाषा म्हणून घेतली आणि पुढे ती मागे टाकून संस्कृताकडे मोर्चा वळविला. दोघेही परभाषेच्या दारात उभे राहिले आणि दोघांनीही एकच प्रश्न निरनिराळ्या रीतीने सोडविला: परक्या भाषेतील विद्या शिकावयाची ती कशासाठी, आणि शिकल्यावर तिचे करावयाचे काय?

हा प्रश्न नाट्यवाङ्मयाच्या बाबतीत विशेष तीव्रतेने उभा राहतो. तर्कशास्त्राचा किंवा इतिहासाचा ग्रंथ वाचला, समजला, त्याचा सारांश लिहिला, की अध्ययन बव्हंशी पुरे होते. नाटकाचे तसे नाही. ते उच्चारले जावे म्हणून लिहिलेले असते. ज्याचा उच्चार झाला नाही ते नाटक अर्धेच वाचले गेले, असे म्हणावयास हरकत नाही. तेव्हा इंग्रजी आणि फ्रेंच अभिजात नाटके आपल्याकडे ‘शिकविली गेली’ म्हणजे नेमके काय घडले, ह्याचा शोध घेताना केवळ अभ्यासक्रम व परीक्षा पाहून भागणार नाही. महाविद्यालयाचा वर्ग, विद्वानाने एकेकट्या शिष्यास दिलेली शिकवणी आणि नाटक मंडळीची तालीम ह्या तिन्ही ठिकाणी जाऊन पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात मांडावयाचा विचार असा: शेक्सपीअर मराठीत रुजला तो वर्ग आणि तालीम ह्यांची शिकवणीच्या द्वारा गाठ पडली म्हणून, फ्रेंच नाटकाला अशी गाठ लाभली नाही, म्हणून मोलिएर आपल्या घरी आला तरी तो परक्याच्या नावाने आला आणि निनावी राहिला. मात्र ह्या दोन वाटांपैकी कोणती अधिक टिकाऊ ठरली, ह्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

२

प्रथम वर्गाकडे पाहू. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि इंग्रजी नाटक हे उच्च शिक्षणाचे एक स्थिर अंग बनले. मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज ही त्याची दोन मुख्य केंद्रे होती. ह्या दोन्ही ठिकाणी अध्यापन केलेले विल्यम वर्ड्स्वर्थ हे त्याच नावाच्या कवीचे नातू. अशा अध्यापकांच्या मुखातून शेक्सपीअर ऐकण्याचे भाग्य मराठी विद्यार्थ्यांच्या एका पिढीला लाभले, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि ह्या वर्गाला एक मोठे वैगुण्य होते. विद्यापीठाच्या प्रारंभीच्या काही वर्षांतच मराठीस वरच्या परीक्षांतून बाजूस सारण्यात आले आणि न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर, विसाव्या शतकाच्या आरंभी, तिला पुन्हा तेथे पाऊल ठेवता आले. म्हणजे ज्या काळात शेक्सपीअरचा अभ्यास सर्वांत उत्साहाने चालला होता, त्याच काळात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेला वर्गात जागा नव्हती. इंग्रजी ओळीचा अर्थ इंग्रजीतच सांगावयाचा, इंग्रजीतच लिहावयाचा आणि परीक्षेत इंग्रजीतच उतरवावयाचा. ज्या भाषेत विद्यार्थी भांडतो, रडतो, विनवणी करतो, त्या भाषेशी ओथेल्लोच्या संतापाची तुलना करून पाहण्याचा प्रसंग वर्गात येतच नसे.

त्यात टीपांच्या पुस्तकांची भर पडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅकमिलन कंपनीने हिंदी विद्यार्थ्यांस नजरेसमोर ठेवून इंग्रजी ग्रंथांच्या सटीप आवृत्त्या काढल्या. त्यांतील शेक्सपीअरच्या नाटकांचे संपादन के. डायटन ह्यांचे होते. कठीण शब्द, व्याकरणाचे विशेष, संदर्भ, पर्यायी वाचने इत्यादी सर्व सामग्री त्या टीपांत असे. त्यांचा उपयोग निःसंशय मोठा होता. दूरच्या गावाहून आलेल्या आणि घरात इंग्रजी पुस्तक नसलेल्या विद्यार्थ्यास दुसरा आधार तरी कोणता होता? पण टीप हीच मुख्य आणि नाटक हे तिचे निमित्त, असा उलटा क्रम परीक्षेमुळे लवकरच पडला. बडोदे कॉलेजातील अध्यापनाविषयी श्री. अरविंद घोष ह्यांनी पुढे सांगितलेली एक आठवण ह्या संदर्भात बोलकी आहे. आपण वर्गात सांगितलेले टीपांशी जुळत नाही, अशी विद्यार्थ्यांनी तक्रार केली. तेव्हा आपण त्या टीपा वाचलेल्याच नाहीत, असे उत्तर त्यांनी दिले. प्रसंग नाटकाच्या वर्गाचा नव्हे, साउदीने लिहिलेल्या नेल्सनच्या चरित्राच्या वर्गाचा होता. पण रोग तोच होता.

राजवाडे ह्यांनी आपल्या विद्यार्थिदशेचे कठोर परीक्षण ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’ ह्या लेखनात केले आहे. नेमलेल्या पुस्तकांपेक्षा ग्रंथालयातील न नेमलेल्या पुस्तकांवर त्यांचा भर अधिक होता. ही वृत्ती सर्वांना झेपणारी नाही; पण वर्गात जे मिळत नव्हते ते दुसरीकडे शोधावे लागे, ह्याची ती साक्ष आहे. राजवाड्यांनी पुढे ‘भाषांतर’ नावाचे मासिक चालविले आणि पाश्चात्त्य विचारग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग आरंभिला. प्लेटोचे ‘रिपब्लिक’ त्यांनी मराठीत उतरविले. वर्गाने ज्या भाषेला दाराबाहेर ठेवले होते, तिच्यात विद्या आणल्याखेरीज ती आपली होत नाही, हा त्या उद्योगामागील सिद्धान्त होता. नाटकाच्या क्षेत्रात हाच सिद्धान्त अन्य मंडळींनी, अन्य मार्गाने, आधीच आचरणात आणला होता.

३

१८८० हे वर्ष ह्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षाच्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि त्याच वर्षाच्या ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला. शाळा आणि रंगभूमी ह्यांचे हे एकाच गावात, एकाच वर्षात झालेले आगमन केवळ योगायोगाचे असेल. पण पुढील पंधरा वर्षांत ह्या दोहोंमध्ये माणसांची जी ये-जा झाली ती योगायोगाची नव्हती.

गोपाळ गणेश आगरकर १८८१ मध्ये न्यू इंग्लिश स्कुलात आले. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये टिळकांसह त्यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचे काम त्यांनी ह्या काळात केले आणि १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले. शीर्षकातच अध्यापकाची दृष्टी दिसते. राजपुत्राचे नाव न देता त्यांनी नाटकाचा विषय, म्हणजे मनोविकारांचा खेळ, पुढे ठेवला. ह्यापूर्वी महादेवशास्त्री कोल्हटकर ह्यांचे ‘ऑथेल्लो’ १८६७ मध्ये निघाले होते आणि विष्णु मोरेश्वर महाजनी ह्यांनी ‘सिम्बेलीन’वरून ‘तारा’ हे नाटक रचले होते. म्हणजे शिकलेल्या मंडळींनी शेक्सपीअर मराठीत आणण्यास आरंभ केलेलाच होता. पण भाषांतर छापले जाणे आणि नाटक उभे राहणे ह्या दोन अवस्थांमध्ये जे अंतर आहे, ते ओलांडावयास आणखी एका माणसाची गरज होती.

तो माणूस म्हणजे वासुदेव बाळकृष्ण केळकर. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापक पिढीतील हे अध्यापक १८८५ मध्ये निघालेल्या फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकवीत. शाहूनगरवासी नाटक मंडळीचे प्रमुख नट गणपतराव जोशी (१८६७–१९२२) ह्यांना शेक्सपीअरच्या भूमिकांचे मर्म समजावून देण्याचे काम त्यांनी केले. गणपतरावांचे इंग्रजी शिक्षण फारसे झालेले नव्हते. ज्या नाटकाच्या भूमिकेने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले, ते नाटक मूळ भाषेत स्वतः वाचून समजून घेण्याची सोय त्यांना नव्हती. आणि तरीही मराठी प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांच्या मनात हॅम्लेट म्हणजे गणपतराव असे समीकरण बसले.

येथे क्षणभर थांबून ह्या शिकवणीचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. वर्गातील विद्यार्थ्याला ओळीचा अर्थ कळला की अध्यापकाचे कर्तव्य संपते. कारण परीक्षक तेवढेच विचारतो. नटाला तेवढे पुरत नाही. हे वाक्य कोणास उद्देशून आहे, स्वतःस की दुसऱ्यास? ह्या शब्दावर जोर द्यावयाचा की पुढच्या? श्वास कोठे घ्यावयाचा? बोलणारा ह्या क्षणी खरे बोलत आहे की वेडाचे सोंग करीत आहे? ‘हॅम्लेट’मधील स्वगते ही अशा प्रश्नांनी खच्चून भरलेली आहेत. मूळ इंग्रजी ओळ पाच आघातांची आणि निर्यमक. मराठीत ती मुख्यतः गद्यात आली. तेव्हा मूळच्या लयीने जे सूचित केले होते, ते नटाच्या आवाजाने भरून काढावे लागणार. ज्याला मूळ कळते त्याने, ज्याला आवाज आहे त्याच्याजवळ बसल्याखेरीज, हे काम होऊच शकत नाही. वर्गात जी मराठी निषिद्ध होती, ती ह्या शिकवणीत अपरिहार्य होती. म्हणून असे म्हणावेसे वाटते की, शेक्सपीअरचे सर्वांत सूक्ष्म अध्यापन त्या काळी महाविद्यालयाच्या घंटेबाहेर झाले.

केळकर स्वतः लेखकही होते. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’वरून त्यांनी केलेले ‘त्राटिका’ ह्याच मंडळीने गाजविले. गणपतराव प्रतापराव होत आणि बळवंतराव जोग त्राटिका. गोविंद बल्लाळ देवल ह्यांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’ला ‘झुंझारराव’ केले. देवल हे स्वतः शिक्षक राहिलेले आणि तालीममास्तर म्हणून नावाजलेले. वर्ग व तालीम ही दोन्ही कामे त्यांच्या ठायी एकवटली होती. आमच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्याचेही ह्यात अंग आहे: महाड येथे १८६४ मध्ये जन्मलेले शिवराम महादेव परांजपे ह्यांनी ‘मॅक्बेथ’वरून ‘मानाजीराव’ हे नाटक १८९६ मध्ये लिहिले. ‘काळ’कर्त्यांचे हे रूपांतर म्हणजे वर्गात शिकलेल्या शेक्सपीअरला मराठी दरबारी वेष चढविण्याचाच प्रयत्न होय.

४

आता फ्रेंचकडे वळू. इंग्रजी ही राज्यकर्त्यांची भाषा. ती शिकणे चरितार्थाचे साधन होते. संस्कृत ही परंपरेची भाषा; तिला घराण्याचा आणि शिष्यवृत्त्यांचा आधार होता. जगन्नाथ शंकरशेट ह्यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेत मिळविणे हा मोठा मान समजला जाई. रोहे आणि तळे येथे प्राथमिक शिक्षण घेतलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले आणि ही शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर व केंद्रीय अर्थमंत्री झालेल्या ह्या गृहस्थाने ‘मेघदूता’चे मराठी रूपांतर केले, हे त्या शालेय पायाचेच फळ मानावे लागेल. फ्रेंचला मात्र चरितार्थाचाही आधार नव्हता आणि परंपरेचाही. ती घ्यावयाची ती परदेशगमनाच्या आशेने, नाहीतर केवळ आवडीने.

विनोबांची गोष्ट ह्याच चौकटीत बसते. त्यांचे वडील नरहर शंभुराव भावे बडोद्यास असत आणि रसायन व वस्त्रोद्योगात त्यांना गती होती. मुलाने फ्रेंच शिकावे ही त्यांची इच्छा. त्याप्रमाणे मुलाने शाळेत फ्रेंच घेतली. आई रुक्मिणीबाई ह्यांनी मात्र, ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत शिकू नये काय, असे विचारले. तो प्रश्न मुलाच्या मनात राहिला आणि संस्कृताचे अध्ययन त्यांनी स्वतःच्या बळावर केले. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा विद्यार्थी सुरतेस गाडीतून उतरला आणि काशीस गेला. तेथे निर्वाहापुरते त्याने काही काळ इंग्रजी शिकविण्याचे कामही केले. गागोद्याच्या ह्या मुलाच्या हाती फ्रेंच आली होती. पण तिला पुढे नेणारे असे काही त्याच्या भोवती नव्हते. वडिलांच्या मनात ती उद्योगाची भाषा होती. ती वाङ्मयाची भाषा म्हणून, रासीनची किंवा मोलिएरची भाषा म्हणून त्याच्यापुढे ठेवणारा जो अध्यापक शहरात एके काळी होता, तो तोपर्यंत निघून गेला होता.

तो अध्यापक म्हणजे वर उल्लेखिलेले अरविंद घोष. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ग्रीक व लॅटिनचे अध्ययन करून ते १८९३ मध्ये गायकवाडांच्या सेवेत आले. १८९७ पासून ते बडोदे कॉलेजात फ्रेंच शिकवू लागले, पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि १९०६ मध्ये त्यांनी बडोदे सोडले. इंग्रजी आणि फ्रेंच अभिजात वाङ्मय एकाच अध्यापकाच्या मुखातून, तेही मराठी राज्यकर्त्यांच्या राजधानीत, विद्यार्थ्यांना मिळत होते. ह्या वास्तव्याच्या अखेरीस त्यांनी ‘रोडोग्यून’ नावाचे पाच अंकी नाटक इंग्रजी निर्यमक पद्यात लिहिले. सिरियाच्या राणीचे आणि तिच्या जुळ्या पुत्रांचे हेच कथानक कॉर्नेयने सतराव्या शतकात आपल्या ‘रोदोग्यून’ ह्या शोकान्तिकेत हाताळले होते. विषयाचे नाते कॉर्नेयशी, छंदाचे नाते शेक्सपीअरशी: दोन अभिजात परंपरांचा एकत्र अभ्यास निर्मितीपर्यंत पोचल्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण आपल्या प्रदेशात शोधून मिळणे कठीण.

पण हे उदाहरण जितके उज्ज्वल, तितकेच त्याचे एकाकीपण बोलके आहे. अरविंदबाबूंनी बडोद्यात मराठी शिकून घेतली होती. तरी त्यांचे नाटक इंग्रजीत होते. ते कोणत्याही मराठी नाटक मंडळीच्या तालमीत गेले नाही. पुण्यात केळकरांच्या बैठकीत जे घडले, म्हणजे मूळ जाणणारा विद्वान आणि मराठी आवाज असलेला नट एकत्र बसणे, ते फ्रेंचच्या बाबतीत बडोद्यात घडले नाही. वर्ग होता, अध्यापक असामान्य होता. तालीम मात्र नव्हती.

५

असे असूनही फ्रेंच नाटक मराठीत आले. कसे आले, हे पाहण्यासाठी ‘संशयकल्लोळा’चा वंशवृक्ष तपासणे उपयुक्त ठरेल. मोलिएरने १६६० मध्ये ‘स्गानारेल’ नावाची एकांकी सुखात्मिका पॅरिसच्या रंगभूमीवर आणली. ती पद्यात आहे: बारा अक्षरांची सयमक ओळ आणि सहाव्या अक्षरानंतर यती. एका तरुणीच्या हातून तिच्या प्रियकराची तसबीर पडते. ती मूर्च्छित होते. स्गानारेल तिला सावरतो. ते पाहून त्याच्या बायकोला संशय येतो. ती तसबीर बायकोच्या हाती पाहून नवऱ्याला संशय येतो. बस्स, एवढ्या सामग्रीवर सारा खेळ. शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, आर्थर मर्फी ह्या नाटककाराने लंडनमध्ये ह्या कथेचे ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी गद्य नाटक केले. स्गानारेल हा पॅरिसचा सामान्य नागरिक. मर्फीने त्याला सर जॉन रेस्टलेस हे उच्चकुलीन नाव दिले. देवलांनी मर्फीचे नाटक घेऊन १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक रचले. पुढे त्यालाच पदांची जोड मिळून १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी देवल निवर्तले.

पद्यातून गद्यात, गद्यातून गद्यात, आणि गद्यातून संगीतात. एका अंकातून पाच अंकांत. पॅरिसहून लंडनमार्गे पुण्यास. इतक्या प्रवासात काय टिकले आणि काय बदलले, हे पाहणे हाच नाट्याध्यापनाचा एक उत्तम पाठ होऊ शकेल. तसबीर टिकली, मूर्च्छा टिकली, आणि दोघांच्याही संशयाची समांतर चाल टिकली. बदलली ती नायिका. मर्फीची बेलिंडा ही प्रतिष्ठित घराण्यातील मुलगी. देवलांची रेवती ही नायकिणीची मुलगी. ह्या एका बदलाने आश्विनशेटच्या संशयाला मराठी समाजातील खरा आधार मिळाला. विवाहाची इच्छा धरणाऱ्या रेवतीवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न केवळ गैरसमजाचा राहिला नाही. तो तिच्या जन्माविषयीच्या समाजाच्या पूर्वग्रहाचा झाला. फाल्गुन, आश्विन, वैशाख, कृत्तिका, रेवती अशी महिन्यांची व नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी साऱ्या मंडळींना एका पंचांगात बसविले, हा त्यांचा खास विनोद. गणपतराव बोडस ह्यांनी फाल्गुनराव असा काही उभा केला की मूळ कोठले, हे विचारण्याची कोणास गरजच भासली नाही.

तीच गोष्ट हरिभाऊ आपटे ह्यांच्या ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ आणि ‘जबरीचा विवाह’ ह्या मोलिएरच्या रूपांतरांची, आणि स्वातंत्र्योत्तर काळात आचार्य अत्रे ह्यांनी मोलिएरच्या कंजुषावरून केलेल्या ‘कवडीचुंबका’ची. अत्रे हे व्यवसायाने शिक्षक होते, हेही येथे विसरून चालणार नाही. मोलिएर मराठीत आला तो शिकणाऱ्या-शिकविणाऱ्या मंडळींच्या हातूनच. पण शिकविला गेला नाही. ‘हॅम्लेट’ पाहणाऱ्या प्रेक्षकाला शेक्सपीअरचे नाव ठाऊक असे. ‘संशयकल्लोळ’ पाहणाऱ्याला मोलिएरचे नाव ठाऊक नसे.

६

इथवर आलेल्या वाचकाच्या मनात एक आक्षेप उभा राहील, आणि तो रास्त आहे. शिकवणीच्या वाटेने आलेल्या शेक्सपीअरचे पुढे काय झाले? गणपतराव १९२२ मध्ये गेले आणि त्यांच्याबरोबर ती परंपराही ओसरली. केळकरांनी काय सांगितले, कोणत्या शब्दावर जोर देण्यास सुचविले, त्याचे पाठ लिहून ठेवलेले नाहीत. जे आवाजात होते ते आवाजाबरोबर गेले. ‘हॅम्लेट’ मराठी रंगभूमीवर पुनः आले ते नव्या भाषांतराच्या आधारे: नाना जोग ह्यांच्या भाषांतराचा प्रयोग २०१८ मध्ये झाला, तेव्हा नटांना जुन्या शिकवणीचा कोणताही वारसा हाती नव्हता. त्या गतवैभवाची सर्वांत जिवंत आठवण कोठे उरली असेल तर ती वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राटा’त (१९७०), तेथे शेक्सपीअरच्या भूमिका गाजविलेला म्हातारा नट त्या भूमिकांच्या स्मृतीवरच जगतो. उलट, ज्याला मराठीत कोणी गुरू नव्हता तो मोलिएर ‘संशयकल्लोळा’च्या रूपाने शंभर वर्षांहून अधिक काळ प्रयोगात राहिला. मग गुरूशिवाय आलेले नाटकच अधिक टिकले, असे म्हणावयाचे काय?

ह्या आक्षेपाला उत्तर असे की, टिकणे दोन प्रकारचे असते. ‘संशयकल्लोळ’ टिकले ते मराठी नाटक म्हणून. मोलिएर त्यात विरघळला. ही हानी नव्हे, रूपांतराचे ते यशच होय. पण त्या यशाने फ्रेंच नाटकाच्या ज्ञानात भर पडली नाही. मोलिएरच्या पद्याची चाल, त्याच्या काळचे पॅरिस, राजाश्रय आणि धर्मपीठाचा रोष ह्यांमधून त्याने काढलेली वाट, ह्यांतील काहीच त्या मार्गाने आपल्यापर्यंत आले नाही. दुसरीकडे, केळकरांच्या शिकवणीने एक मराठी नट मूळ हॅम्लेटच्या जितक्या जवळ नेला, तितका तो छापील भाषांतराने एकट्याने गेला नसता. पण ती जवळीक लिखित न राहिल्याने एका आयुष्यापुरती ठरली. एका वाटेने नाटक राहिले आणि मूळ हरवले; दुसऱ्या वाटेने मूळ गाठले आणि गाठण्याची रीत हरवली. दोहोंतील उणीव एकच: वर्गाने ह्या दोन्ही गोष्टींची नोंद घेतली नाही. डायटनच्या टीपा जपून ठेवल्या गेल्या, केळकरांच्या नाही.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. पेण, रोहे, महाड अशा गावांतही महाविद्यालये आहेत, मराठी ही विद्यापीठात सन्मानाने शिकविली जाते, आणि मूळ फ्रेंच नाटके वाचण्यास बडोद्यास किंवा केंब्रिजला जाण्याची गरज उरलेली नाही. पण इंग्रजी विभाग शेक्सपीअर शिकवितो, मराठी विभाग देवल शिकवितो, आणि दोहोंच्या मधली भिंत बहुधा शाबूत असते. इंग्रजीच्या विद्यार्थ्यास ‘झुंझारराव’ वाचावयास सांगितले जात नाही. मराठीच्या विद्यार्थ्यास ‘स्गानारेल’चे नाव ओझरतेच कळते. जी गोष्ट १८९० च्या सुमारास अडचणीमुळे घडत नव्हती, ती आज केवळ सवयीमुळे घडत नाही.

ह्यासाठी मोठ्या योजनेची अपेक्षा नाही. तसबीर पडण्याचा आणि उचलली जाण्याचा एकच प्रवेश घ्यावा. मोलिएरचा, मर्फीचा आणि देवलांचा पाठ शेजारी शेजारी ठेवावा. फ्रेंच न जाणणाऱ्यांनी त्याचा सरळ अर्थ घ्यावा. आणि मग विद्यार्थ्यांनी तिन्ही मोठ्याने वाचावेत. कोठे श्वास घ्यावा लागतो, कोठे हसू येते, कोठे येत नाही, ते पाहावे, आणि जे सुचेल ते मराठीत लिहून ठेवावे. ह्यात वर्गही आहे, शिकवणीही आहे आणि तालीमही आहे. विशेष म्हणजे जे मागच्या पिढ्यांनी केले नाही ते, म्हणजे शिकविण्याच्या रीतीची नोंद, ह्यात आहे.

वरसईच्या राजवाड्यांनी परकीय विद्या मराठीत आणल्याखेरीज ती आपली मानली नाही. गागोद्याच्या विनोबांनी, जी भाषा अंतःकरणाला भिडली नाही ती हातात असूनही मागे ठेवली. एकाच तालुक्याच्या मातीतून निघालेले हे दोन निर्णय वरवर परस्परविरुद्ध दिसतात. पण दोघांचा आग्रह एकच होता, शिकलेल्या गोष्टीचा जीवनाशी संबंध असावा. नाट्याध्यापनाच्या बाबतीत त्या संबंधाचे नाव आवाज हे आहे. ज्या वर्गात नाटकाचा आवाज उठत नाही तेथे कितीही भाषा शिकविल्या तरी नाटक शिकविले गेले, असे म्हणता येणार नाही.